प्लग बदलला की पंधरा दिवस बरी, मग पुन्हा मिसिंग

"सपाटीला गाडी मस्त आहे हो, पण चढाला लागली की झटके मारते. प्लग बदलले, पंधरा दिवस बरी होती, आता पुन्हा तेच."

मिसिंगची, म्हणजे एखाद्या सिलेंडरमधलं इंधन मधूनमधून न पेटण्याची, तक्रार साधारण याच शब्दांत येते. पुढे गाडी कुठली, किती किलोमीटर झाले, कुठल्या गॅरेजात दाखवली हे सगळं सांगून होतं. पण निम्मं निदान त्या 'पंधरा दिवस बरी होती' एवढ्यातच असतं, आणि ऐकणारा नेमकं तेच कानाआड करतो. मीही केलं होतं. दोन पावसाळे, तीन गॅरेजं आणि विनाकारण बदललेली एक कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारा भाग) एवढं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझी गाडी जुन्या पद्धतीची. चार सिलेंडर, पेट्रोल, वर सीएनजी किट बसवलेलं. एक कॉइल पॅक आणि त्यातून चार प्लगना जाणाऱ्या चार वायरी. चिपळूण ते कऱ्हाड जाणं-येणं असतं, म्हणजे कुंभार्ली घाट चुकत नाही. जुलैतल्या एका सकाळी पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला. तिसरा गिअर, इंजिन दोन हजारांच्या आसपास. रेस दाबली आणि गाडीने ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकलं. पुन्हा दाबली, पुन्हा झटकलं. दुसऱ्या गिअरवर आणली तर जरा बरी. पेट्रोलवर टाकली तर एकदम बरी. वर हेळवाकला थांबून बॉनेट उघडलं, तर इंजिन असं गुरगुरत होतं की जसं काही झालंच नाही.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले. बरी झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले, गॅसचं ट्यूनिंग केलं आणि जाता जाता प्लगही काढून घासून बसवले. बरी झाली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि मी विसरूनही गेलो. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि दुखणं परत हजर. तिसऱ्याने कॉइल बदलली. या वेळी आठ दिवससुद्धा गेले नाहीत.

आता यातली गंमत बघा. प्रत्येक वेळी काम वेगळं, भाग वेगळा, पण एक गोष्ट तिन्ही वेळा झाली होती: प्लगवरच्या कॅपा (वायरींच्या टोकाच्या रबरी टोप्या) काढून पुन्हा दाबून बसवल्या होत्या. बरं वाटायचं ते त्यामुळे, आणि दोषही तिथेच होता.

बरी का होते, हे आधी समजून घ्या

प्लगच्या टोकाला एक बारीक फट असते, साधारण ०.८ ते १.१ मिलीमीटर. कॉइलमधून येणारं व्होल्टेज ती फट ओलांडून उडी मारतं, तीच ठिणगी. उघड्या हवेत १ मिलीमीटर ओलांडायला साधारण ३ हजार व्होल्ट पुरतात. पण सिलेंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं आणि दाब वाढला की तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. संथ चालणाऱ्या इंजिनला १० हजारांच्या आसपास लागत असेल, तर चढावर पूर्ण रेस दिल्यावर ते झपाट्याने वाढतं. सीएनजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. कॉइलची ताकद २० ते ४० हजारांपर्यंत असते, म्हणजे तिच्याकडून कमी पडत नाही.

पण करंटपुढे दारं दोन असतात. एक प्लगच्या फटीचं. दुसरं, कॅपच्या रबरातून किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून घसरत थेट इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलेंडरवरच्या धातूच्या भागाला, जाण्याचं. रबर धड आहे, कॅप कोरडी आहे, आत पकड घट्ट आहे, तोवर दुसरं दार बंद असतं. रबर कडक होऊन चिरलं, आत ओल गेली किंवा काजळी धरली की ते किलकिलं होतं. मग ज्या दाराला कमी जोर लागेल तिथून करंट जातो. सपाटीला फट सोपी असते, तो फटीतून जातो. चढाला फट अवघड होते, तो मागच्या दाराने पळतो आणि त्या सिलेंडरमधलं मिश्रण न पेटताच सायलेन्सरला जातं.

नवा प्लग घातला की फट लहान असते, कडा धारदार असतात, चिनी माती स्वच्छ असते. पुढचं दार पुन्हा सोपं होतं आणि गाडी बरी वाटते. मागचं दार मात्र जसंच्या तसं उघडं आहे. काही दिवसांत नव्या चिनी मातीवरही काजळीची वाट पडते आणि आपण मूळपदावर येतो. मिस्त्री म्हणतो, "प्लग डुप्लिकेट निघाला." निघतही असेल, पण ओळीने तीनदा?

म्हणून प्लग बदलल्यावर काही दिवस बरी होऊन पुन्हा बिघडणारी गाडी हा माझ्या लेखी प्लगविरुद्धचा पुरावा नाहीच. तो प्लगच्या वरच्या जोडाविरुद्धचा पुरावा आहे.

कॅपच्या आत

ज्याला आपण प्लगची कॅप, टोपी किंवा बूट म्हणतो, ती नुसती रबराची नळी नाही. तिच्या आत खोलवर पितळेची किंवा स्टीलची एक क्लिप असते. ती प्लगच्या डोक्यावरच्या लहान नटावर 'टक्' करून बसते. हा 'टक्' महत्त्वाचा. हाताला किंवा कानाला तो कळला नाही, तर कॅप बसलेली नाही असंच समजा, मग वरून रबर कितीही घट्ट दिसो.

क्लिप सैल होते कशी? कॅप न धरता वायर धरून ओढल्याने. गॅरेजवाल्याला नावं ठेवायला मला आवडलं असतं, पण माझ्या गाडीत हे पाप माझंच होतं. पहिल्या पावसाळ्याच्या आधी एका रविवारी हौस म्हणून प्लग काढून बघितले होते, आणि दोन नंबरची कॅप अडकून बसली म्हणून वायरच धरून खेचली होती. क्लिपची तोंडं तेव्हा फाकली असणार.

कॅप काढायची रीत अशी: इंजिन गार झालेलं असावं. कॅपचं बूड धरायचं, आधी थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवायचं म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं, मग सरळ वर ओढायचं.

दुसरी जागा आहे तो प्लगच्या डोक्यावरचा नट. काही प्लगांवर तो कायमचा घडवलेला असतो, काहींवर आटे असलेला, फिरवून काढता येणारा. आट्यांचा असेल तर खोक्यातून प्लग काढल्या काढल्या तो पक्कडीने हलक्या हाताने आवळून घ्या. बोटाने फिरतोय असा नट मी नव्याकोऱ्या प्लगावर पाहिला आहे. नट सैल राहिला की तिथे केसाएवढी फट पडते. तीतूनही ठिणगी उडत राहते, उष्णता होते, आतली हवा बिघडते, क्लिप काळवंडते आणि रबर आतून कडक होत जातं. सैल जोड आणि गळती ही दोन वेगळी दुखणी म्हणून सांगतात, पण गाडीत पहिल्यातूनच दुसरं जन्माला येतं.

काय दिसलं म्हणजे काय समजायचं

प्लग बाहेर काढला की सगळे खालचं टोक बघतात. बिस्किटी रंग असेल तर ठीक, कोरडी काजळी, पेट्रोलने ओला, ऑइलने ओला वगैरे. ते बघाच. न पेटणाऱ्या सिलेंडरचा प्लग बहुधा इतर तिघांपेक्षा काळा किंवा ओलसर असतो, तेवढ्याने आजारी सिलेंडर ओळखता येतो. पण नंतर प्लग उलटा करा आणि वरची पांढरी चिनी माती उजेडात फिरवून बघा.

तिच्यावर शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी वरून खाली काळी बारीक रेघ दिसली, तर तीच करंटची चोरवाट. फडक्याने पुसली जात नाही. आणि अशी रेघ प्लगवर असेल तर तिची जोडीदार कॅपच्या आतल्या रबरावर असते, अगदी समोरासमोर. टॉर्च लावून बघा. माझ्या दोन नंबरच्या कॅपमध्ये ती होती, आणि तिच्या तळाशी रबराला टाचणीच्या टोकाएवढं पांढुरकं भोक पडलं होतं. एवढ्याशा भोकाने दोन पावसाळे खाल्ले.

एका फसव्या खुणेबद्दल सांगून ठेवतो. चिनी माती जिथे लोखंडी षटकोनाला मिळते, तिथे कधीकधी तपकिरी कडं दिसतं, चहाच्या कपाचा डाग उठल्यासारखं. ते पाहून "प्लगमधून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) लीक होतंय" असं ठामपणे सांगणारे भेटतात. ते लीक नव्हे. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात, एवढंच. आडवं तपकिरी कडं निरुपद्रवी, उभी काळी रेघ दोषी.

शोधायचं कसं

आधी एक काम करू नका. इंजिन चालू असताना एकेक वायर उपटून "कुठल्याने फरक पडत नाही" हे बघायची जुनी पद्धत. पॉइंटवाल्या गाड्यांच्या काळात ती चालून गेली. आताच्या कॉइलला बाहेर जायला वाट उरली नाही की व्होल्टेज कमाल मर्यादेपर्यंत चढतं आणि कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडतं, नाहीतर तुमच्या हाताची वाट धरतं. पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनच्या या भागाजवळ हात नेऊच नये.

त्याऐवजी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची व्यवस्था) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं यंत्रही कामाला येतं. पी-०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलेंडर मिस, पी-०३०२ म्हणजे दोन नंबरचा, असं पुढे. पी-०३०० आला तर अनेक किंवा अनिश्चित सिलेंडर. एक नंबर बहुधा बेल्टच्या बाजूचा असतो, पण गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर रेस सोडा. न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालभडक तापतो आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. हजार रुपयांच्या वायरीपायी तो खर्च अंगावर येतो.

स्कॅनर नसेल तर पेट्रोलवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघता येतं. ज्याचा काढल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही तो सिलेंडर आधीच मेलेला. तिथे व्होल्टेज कमी असतं, म्हणून हे त्यातल्या त्यात सुरक्षित. एक सिलेंडर बंद असेल तर कानालाही कळतं: ८०० आरपीएमला प्रत्येक सिलेंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात वेळा. सायलेन्सरपाशी हात धरला की तेवढ्या तालात एकेक ठोका गाळलेला जाणवतो.

सिलेंडर कळला की अदलाबदल. इथे मात्र एक खाच आहे, आणि माझा तिसरा मिस्त्री तीत अडकला. त्याने दोन नंबरचा प्लग तीनला आणि तीनचा दोनला लावला. पद्धत बरोबरच. त्याच्या हिशोबाने मिसिंग तीनला गेलं तर प्लग, दोनलाच राहिलं तर दुसरं काही. झालं काय, दोन्ही सिलेंडर मिस व्हायला लागले आणि स्कॅनरवर पी-०३०० आला. तो म्हणाला, "सर, आता दोन्ही जातायत म्हणजे कॉइलच." खरं असं होतं की रेघ पडलेला प्लग तीनला जाऊन तिथे गळू लागला, आणि रेघ पडलेली कॅप दोनलाच राहून चांगल्या प्लगवर गळू लागली. आजार जोडीत होता, जोडी फोडल्यावर दोघांनाही लागला.

म्हणून अदलाबदल करताना पहिल्या फेरीत वायर आणि प्लग दोन्ही एकत्र हलवा. मिसिंग त्यांच्याबरोबर गेलं तर दोष या जोडीत आहे, इंजेक्टर-व्हॉल्व्हच्या नादी लागू नका. तिथेच राहिलं, तर मग इंधन, कॉम्प्रेशन किंवा कॉइलचं ते तोंड.

मल्टिमीटर लावा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रेझिस्टन्स लांबीप्रमाणे बदलतो, मीटरभराला साधारण १० ते २० किलोओहम. चारही वायरी मोजा, लांबीच्या हिशोबाने एखादी वेगळी वाटते का बघा, आणि मोजताना टोकाशी वायर वाकवून बघा. आकडा उडाला किंवा एकदम गायब झाला तर आतला गाभा तुटलाय. पण आकडा चांगला आला म्हणून वायर चांगली ठरत नाही. मीटर आत फार तर ९ व्होल्ट सोडतो, गाडी २० हजार सोडते. माझी दोन नंबरची वायर मीटरवर पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाली होती.

ती पकडली ती अंधाराने. रात्री अंगणातला दिवा मालवला, इंजिन चालू केलं आणि फुलझाडांवर पाणी मारायच्या स्प्रे बाटलीतून वायरींवर अगदी धुक्यासारखा तुषार मारला. साधं पाणी, धार नाही. मुलाला आत बसवून थोडी रेस द्यायला सांगितलं. दोन नंबरच्या कॅपच्या काठावरून हेडवर निळसर धागा उतरताना दिसला, बारीक 'टिक् टिक्' आवाजासकट. मुलगा म्हणाला, "बाबा, वीज पडतेय." गाडी गचके खाऊ लागली आणि तुषार वाळल्यावर पुन्हा बरी. हा प्रयोग उघड्यावरच करा, बंद गॅरेजात नाही. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर अजिबात नाही. हात लांब, बाही घट्ट, पंख्यापासून सांभाळून. माझ्या इंजिनला प्लग बाजूने आहेत म्हणून दिसलं. ज्यांचे प्लग हेडच्या मधोमध खोल विहिरीत असतात त्यांना काही दिसणार नाही, त्यांनी रेघ शोधण्यावरच भर द्यावा.

आणि प्लग काढून, कॅप लावून, हेडला टेकवून ठिणगी बघणं? बघा, पण त्यातून एकच कळतं: करंट अजिबात येत नाही का. वर सांगितलंय तसं, उघड्या हवेत फट सोपी असते. बाहेर टपोरी निळी ठिणगी देणारा जोड आत दाबाखाली नापास होऊ शकतो. हे करताना गॅसची टाकी बंद, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, नाहीतर प्लगच्या भोकातून येणारा फवारा त्याच ठिणगीवर पेटेल.

दुरुस्ती

रेघ पडलेला प्लग आणि रेघ पडलेली कॅप एकत्रच जातील. एक ठेवून दुसरं बदललं तर तीन आठवड्यांनी हेच पुन्हा वाचावं लागेल. वायरीचा सेट जुना असेल तर चारही बदला, कारण एकाच दिवशी बसलेल्या चारही कॅपांचं रबर एकाच वयाचं आहे. बदलताना एक काढा, एक लावा. चारही एकदम सोडल्या तर कुठली कुठे हा प्रश्न येतो. बहुतेक चार सिलेंडरच्या गाड्यांत फायरिंगचा, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असतो, पण कॉइल पॅकवर तोंडं त्या क्रमाने नसतात.

प्लग काढण्यापूर्वी भोवतालची माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलेंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हाताने आट्यात धरवा. पाना लावून सुरुवात केली आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले, की मिसिंग ही किरकोळ तक्रार वाटायला लागेल. वॉशरवाला नवा प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते पाऊण फेरा पुरे. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकेल एवढाच फेरा. टॉर्कचा पाना असेल तर १४ मिलीमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, पण पुस्तकातला आकडा असेल तर तोच धरा.

कॅपच्या काठाला आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पुसट लावा. ते करंट वाहून नेत नाही, ओल अडवतं आणि पुढच्या वेळी कॅप न चिकटता निघते. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं. मग कॅप सरळ दाबा आणि तो 'टक्' ऐका.

सीएनजीवाल्यांनी प्लगची फट किटवाल्याने सांगितलेली ठेवावी, बहुधा ०.७ ते ०.८ मिलीमीटर. मात्र फट कमी केल्याने मिसिंग गेलं म्हणून काम संपलं असं समजू नका. व्होल्टेजची गरज कमी झाली, गळती आहे तिथेच आहे.

शेवटी कॅप कशामुळे बिघडली, हेही बघा. विहिरीत ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. ऑइलने नवं रबरही फुगून मऊ पडेल. पाणी असेल तर कुणीतरी इंजिन प्रेशरने धुतलंय. आणि कोकणातली एक खास अडचण: पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येऊन बसतात आणि वायरींवर दात चालवतात. दोन-दोन दातांचे ठसे दिसले तर समजून जा.

दोन सिलेंडर एकदम गेले तर

माझ्यासारख्या कॉइल पॅकमध्ये १ आणि ४ यांची एक कॉइल, २ आणि ३ यांची दुसरी. करंट एका प्लगमधून हेडमध्ये उतरतो आणि दुसऱ्या प्लगमधून कॉइलकडे परततो. म्हणजे दोन नंबरची वायर पूर्ण तुटली तर तीन नंबरही आजारी पडू शकतो, त्याचा काही दोष नसताना. जोडीतले दोन्ही मिस दिसले की कॉइलवर संशय जाणं साहजिक आहे. पण कॉइलची ऑर्डर देण्याआधी दोन्ही वायरी, दोन्ही कॅपा आणि कॉइलच्या तोंडातला हिरवा गंज बघा. कॉइलच्या खालच्या लहान कनेक्टरचं लॉकही बघा. प्लास्टिकचं कान तुटलेलं असतं आणि कनेक्टर नुसता टेकलेला असतो. इंजिनपासून बॉडीला आणि बॅटरीला जाणारी अर्थची पट्टीही एकदा सोडवून, घासून आवळा.

ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, तिथे वायर नाही, पण कॉइलखाली रबरी नळी आणि आत स्प्रिंग आहेच. काळी रेघ तिथेही पडते. अख्खी कॉइल घेण्यापूर्वी नुसती नळी-स्प्रिंग मिळते का विचारा, बऱ्याच गाड्यांची मिळते. तिथे अदलाबदल सोपी, कॉइल या सिलेंडरची त्याला लावायची, पण नळी आणि प्लग यांची जोडी फोडू नये हा नियम तोच.

दुचाकीवाल्यांसाठी

मोटरसायकलला सिलेंडर एकच, त्यामुळे मिस झालं की लपत नाही. भक् भक् करते, पावसात डबक्यातून गेली की बंद पडते आणि पाच मिनिटांनी चालू होते. इथे कॅप वायरीच्या टोकावर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा. वायरीच्या तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर टोकाकडून अर्धा सेंटिमीटर कापा आणि ताज्या तांब्यात कॅप पुन्हा फिरवून बसवा. खर्च शून्य. कॅपच्या आत बहुधा ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो, दोन टोकांना मीटर लावून तो मोजता येतो. काहीच दाखवत नसेल तर कॅप टाकून द्या.

दुचाकीच्या पुष्कळ कॅपा प्लगच्या डोक्यावरचा नट काढून उघड्या आट्यांवर बसतात, काही नटावर बसतात. दुकानातून आणलेल्या प्लगवर नट आहे आणि तुमची कॅप आट्यांची आहे, किंवा उलट, तर ती बसल्यासारखी दिसेल पण पकडणार नाही. जुना प्लग शेजारी धरून बघा.

हे नसेल तर

आयडलिंगला मिस होते आणि रेस दिली की सुधारते, अशी गाडी बहुधा कुठूनतरी जादा हवा खेचतेय. व्हॅक्यूमचे पाइप बघा. सकाळी गार असताना मिस, गरम झाल्यावर बरी आणि कूलंट हळूहळू कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे (हेडखालच्या पॅकिंगकडे) लक्ष द्या. पेट्रोलवर कायम बरी आणि सीएनजीवर सपाटीलाही खराब, तर गॅसचं फिल्टर आणि ट्यूनिंग आधी. कॉम्प्रेशन मोजून एखादा सिलेंडर इतरांपेक्षा खूपच कमी आला तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

माझ्या गाडीला नवा वायरीचा सेट आणि चार प्लग एकाच दिवशी बसले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सीएनजीवर, मुद्दाम तिसऱ्या गिअरवर, धो धो पावसात पोफळीतून वर निघालो. हेळवाकला चहा घेतला तेव्हा बॉनेट उघडावंसं वाटलं नाही. काढलेली कॉइल अजून डिकीत पडून आहे. तिला काहीही झालेलं नाही.